मोबाईलवर लघुपट: नवा फोन घेण्याआधी हे वाचा

पाणंद

नमस्कार मंडळी. 'शॉर्ट फिल्म करायची आहे, कोणता फोन घेऊ?' असं कुणी ना कुणी सारखं विचारत असतं आणि सगळी चर्चा फोनच्या मॉडेलांवरच संपते. म्हणून हा वेगळा धागा. कोल्हापूर-सांगली भागात मित्रांबरोबर मी बरीच वर्षं लघुपट करतोय, सगळे फोनवरच. माझं स्पष्ट मत आहे की गेल्या पाच-सहा वर्षांतला कुठलाही बरा फोन हातात असेल, तर नव्या फोनवर एक रुपयाही खर्चू नका. पैसे आवाजाला घाला. उरले तर उजेडाला.

फोनवरच्या सिनेमांची उदाहरणं सगळेच देतात. दक्षिण कोरियाचे पार्क चान-वूक यांनी भावाबरोबर आयफोन ४ वर केलेल्या 'नाइट फिशिंग'ला २०११ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात लघुपटाचं गोल्डन बेअर मिळालं. शॉन बेकर यांचा 'टँजरिन' आयफोन ५एस वर झाला आणि २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. हे खरं आहे, पण पुढचं कुणी सांगत नाही. 'टँजरिन'च्या वेळी फोनला चित्र रुंद करणारी वेगळी ॲनामॉर्फिक लेन्स जोडली होती, फोकस आणि एक्सपोजर (चित्र किती उजळ यायचं ते) आपल्या हातात ठेवणारं ॲप होतं, आणि संवाद नेहमीच्या सिनेमाच्या साधनांनी वेगळे ध्वनिमुद्रित केले होते. चित्र जरा दाणेदार असलं तर प्रेक्षक बघतो. वाक्य ऐकू आलं नाही तर तो उठतो.

आता फोनमधल्या सेटिंगचं बोलू, कारण इथेच सगळ्यात जास्त शूटिंग वाया जातं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होत असतात. डोळ्याला ते दिसत नाही, फोनला दिसतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही एक प्रसंग घेत होतो. गुरुजी फळ्यापाशी उभे, आणि त्यांच्या मागच्या पिवळ्या भिंतीवर करडे आडवे पट्टे सावकाश वर सरकताहेत. फोन ऑटोवर असला की शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे तो क्षणाक्षणाला बदलतो, त्यातून हे होतं. शटर सेकंदाच्या १/५० किंवा १/१०० वर बांधून टाकलं की प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे पूर्ण ठोके मावतात आणि पट्टे जातात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, २५ ठेवून शटर १/५० ठेवा. चालत्या माणसाच्या हातापायांना सिनेमात असते तशी हलकी धूसर कड येते आणि डोळ्याला ते बरं वाटतं.

दुसरं म्हणजे फोकस आणि एक्सपोजर लॉक करा. बऱ्याच फोनांत स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतं. लॉक नसेल तर पांढऱ्या सदऱ्यातला माणूस फ्रेममध्ये शिरला की अख्खी खोली काळवंडते, तो बाहेर गेला की पुन्हा उजळते. तिसरं, लेन्स पुसा. फोन दिवसभर खिशात, हातात असतो. बोटाचा तेलकट डाग लेन्सवर राहिला की दिव्याभोवती पसरट वलय येतं, आणि ते एडिटिंगमध्ये जात नाही.

विचारा काय विचारायचं ते. आवाजाबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसं आहेत, त्यांनी लिहावं.

नवशिकी

दादा, अगदी वेळेवर धागा आला. मी बीड जिल्ह्यातली, बी.ए. करते. ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाची वाट बघणारी नात आणि तिची आजी अशी गोष्ट लिहिली आहे. आजीचं काम माझी स्वतःची आजीच करणार आहे. माझ्या फोनमध्ये २५ चा पर्यायच नाही, फक्त ३० आहे. मग शूट करायचंच नाही का?

पाणंद

करायचं की! पट्टे घालवतं ते शटर, फ्रेम रेट नव्हे. ३० वर राहूनही शटर १/५० ठेवता येतं. 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप टाकून बघा. फोन मॅन्युअल एक्सपोजरला परवानगी देत असेल तर त्यात शटर हाताने लावता येतो. नाहीच जमलं तर सेटिंगमध्ये 'अँटी फ्लिकर' किंवा 'अँटी बँडिंग' असं काही सापडतं का बघा आणि ५० हर्ट्झ निवडा. तेही नसेल तर ट्यूब बंद करा आणि आजीला दारात बसवा. उन्हाला हर्ट्झ नसतात. 'ब्लॅकमॅजिक कॅमेरा' हेही ॲप फुकट आहे. ते २०२३ मध्ये आयफोनवर आलं, २०२४ मध्ये अँड्रॉइडवर, पण तिकडे ते निवडक फोनांवरच चालतं.

तुमच्या गोष्टीतले आई-बाप आमच्याच भागात येतात. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, इथेच असतात. फडावरचे, म्हणजे ऊसतोड चालते त्या शेतातले, काही शॉट हवे असतील तर सांगा. मुकादमाशी आणि टोळीतल्या माणसांशी आधी बोलून, त्यांची हरकत नसेल तरच घेऊ.

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडच्या मंडळींनी एक लक्षात ठेवा, अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटर १/६० किंवा १/१२०. आमच्या मंडळातल्या मुलांनी मराठी शाळेसाठी लघुपट केला. अर्धा इथे शूट केला आणि अर्धा सुट्टीत पुण्याला आजी-आजोबांच्या घरी. इथलं सेटिंग जसंच्या तसं पुण्याला वापरलं आणि आजोबांच्या खोलीतला प्रत्येक शॉट लुकलुकत होता. दिवाणखान्यात खिडकीशी घेतलेले शॉट तेवढे चांगले आले. भारतात येऊन शूट करणाऱ्यांनी विमानातच सेटिंग बदलून घ्यावं.

ध्वनिवेध

पाणंद, तुम्ही आवाजाचं नाव घेतलंत त्याबद्दल मनापासून आभार. मी डबिंग आणि ध्वनीच्या कामात आहे. फोनवरच्या लघुपटांची एडिटिंग झालेली फाईल घेऊन मुलं येतात आणि म्हणतात, 'मॅडम, आवाज तेवढा साफ करून द्या.' पंख्याची घरघर थोडी कमी करता येते. पण लांबून घेतलेला, खोलीत घुमणारा आवाज जवळचा करता येत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर आणा.

म्हणून पहिलं काम, माईक तोंडाच्या जवळ न्या. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो. पाठीमागचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. फोन दहा फुटांवर ठेवून त्याच्याच माईकने संवाद घ्यायचा म्हणजे संवाद सोडून सगळं रेकॉर्ड करायचं.

माईकला पैसे नसतील तर घरातला दुसरा फोन घ्या. त्यावर साधं रेकॉर्डर ॲप चालू करा, एअरप्लेन मोड लावा आणि तो फ्रेमच्या बाहेर पण बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. सुपाखाली, उशीमागे, सदऱ्याच्या वरच्या खिशात, कुठेही. शॉट सुरू झाला की कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा. एडिट करताना दोन्हीकडची टाळी जुळवली की आवाज जुळला. थोडे पैसे असतील तर वायरचा कॉलर माईक घ्या. ब्लूटूथ इअरफोनच्या माईकवर संवाद घेऊ नका, तो फोनवरच्या बोलण्यापुरताच असतो.

कॉलर माईक साडीवर लावताना मंगळसूत्र बघा. काळे मणी माईकवर घासले की खर्र खर्र येते, आणि ती नेमकी भावनेच्या वाक्यात येते, कारण माणूस तिथेच श्वास भरून घेतो. माईक छातीच्या मधोमध न लावता खांद्याकडे, पदराच्या पिनेच्या आत लावा. वायरीचा एक लहान वेढा करून तो कापडी चिकटपट्टीने आतल्या बाजूला चिकटवा म्हणजे ओढ थेट माईकवर येत नाही. काचेच्या बांगड्या असतील तर हात हलवत बोलायच्या वाक्यासाठी दोन बांगड्या कमी करा. प्रेक्षकाला फरक कळत नाही.

शूटच्या जागी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे तो चालू केल्याशिवाय कुणी घराबाहेर पडू शकत नाही. शेजारच्या काकूंना कुकर कधी लावणार ते विचारून ठेवा. आणि प्रत्येक जागी सगळ्यांनी गप्प बसून निदान अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे शांतता हवी असते. तिथे आवाज पूर्ण कापला की कान दचकतो. त्या जागी हीच खोलीची शांतता भरायची.

नवशिकी, तुझ्या गोष्टीत चूल असणारच. भाकरी थापण्याचा आवाज शॉटबरोबर आला तरी पुन्हा एकदा नुसता तेवढाच घे, फोन परातीपासून वीतभर अंतरावर धरून. तव्यावर पाण्याचा हात फिरतो तो आवाजही घे. चित्रापेक्षा जास्त घर त्या आवाजात असतं.

तिसरी_घंटा

ध्वनिवेधताई, वाचनखूण साठवली.

मी एकांकिकेच्या वर्तुळातला. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत वाढलेल्या मुलांना घेऊन फोनवर लघुपट करताना जे दिसतं ते लिहितो. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय अंगात इतकी भिनलेली असते की फोन दोन फुटांवर असला तरी वाक्य फेकलं जातं, भुवया वर जातात आणि खांदे प्रेक्षकांकडे वळतात. त्यांना 'कमी कर' म्हणून उपयोग होत नाही, मग ते नुसते हळू बोलतात. त्याऐवजी समोरच्या नटाला जवळ बसवा आणि म्हणा, 'शेजारच्या खोलीत बाबा झोपलेत.' सगळं आपोआप जागेवर येतं.

आजीबद्दल. ज्यांनी कधी काम केलं नाही त्यांना वाक्यं पाठ करायला देऊ नका. हाताला काम द्या. तांदूळ निवडणं, गोधडीला टाके घालणं, काहीही. हात गुंतले की नजर आपोआप कॅमेऱ्यावरून हटते. आणि नातीला खरोखर प्रश्न विचारायला सांगा, 'पैसे पाठवले का गं आईनं?' आजी उत्तर देईल ते तुमच्या संहितेपेक्षा चांगलं असेल.

क्लोजअपची एक गोष्ट. फोनचा नेहमीचा कॅमेरा बराच रुंद बघतो. चेहऱ्याजवळ नेला की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. वेगळी २एक्स किंवा ३एक्स लेन्स असेल तर ती घ्या आणि चार पावलं मागे उभे राहा. लेन्स वेगळी नसेल आणि नुसता डिजिटल झूम असेल तर तो टाळा, कंबरेपासून वरची फ्रेम ठेवा. पोर्ट्रेट मोडने मागचं धूसर करायचा मोह आवरा. केसांच्या आणि पदराच्या कडा कातरल्यासारख्या दिसतात.

मांडवीकाठ

गोव्याहून नमस्कार. इथे उलटा त्रास, उजेड जास्त. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र बहुतेक वेळा ठरलेलं असतं, लहान-मोठं होत नाही. त्यामुळे भर दुपारी किनाऱ्यावर फोन शटरचाच वेग वाढवत नेतो आणि लाटा तुकड्या-तुकड्यांनी हलल्यासारख्या दिसतात. चिमट्याने बसणारा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर मिळतो. तो लावला की शटर १/५० पर्यंत खाली आणता येतं. फिल्टर नसेल तर सकाळी लवकर किंवा चारनंतर जा.

आम्ही मात्र मुद्दाम पावसाळ्यात शूट करतो. ढगाळ आकाशाखाली चेहऱ्यावर कडक सावली पडत नाही, चिऱ्याच्या भिंती आणि माडाचं हिरवं दोन्ही खुलून येतं. एसी गाडीतून फोन एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून थोडा वेळ तसाच राहू द्यावा आणि सुती कापडाने पुसावा. छत्रीवर पडणाऱ्या पावसाचा आवाज संवाद खाऊन टाकतो. छत्रीवर जुना टॉवेल टाकला की बराच कमी होतो.

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण 'फोन कुठलाही चालतो' हे मला पटत नाही. रात्रीचा प्रसंग स्वस्त फोनवर घेऊन दाखवा. सेन्सर नखाएवढाही नसतो. अंधारात फोन आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो, मग दाणे लपवायला चेहरा पुसून गुळगुळीत करतो, आणि आजीच्या सुरकुत्या जातात. महागड्या फोनांत मोठा सेन्सर असतो, लॉगमध्ये, म्हणजे रंग मुद्दाम फिके ठेवून, शूट करता येतं, रंगांवर नंतर काम करता येतं. हा फरक नाही म्हणणं चुकीचं आहे. डॅनी बॉइल यांनी २०२५ चा '२८ इयर्स लेटर' बराचसा आयफोन १५ प्रो मॅक्सवर शूट केला, तो उगाच नाही.

पाणंद

स्पष्टवक्ता, रात्रीबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. अंधारात स्वस्त फोन हरतो. पण त्याच सिनेमाच्या सेटवर फोनभोवती जो सांगाडा, ज्या लेन्स आणि जे दिवे होते, त्यांच्या खर्चात आपल्या तालुक्यातल्या सगळ्या पोरांचे लघुपट होतील. तो फोन आपण घेतला तरी बाकीचं येत नाही. उजेड मात्र आपल्याला जमवता येतो.

रात्र हवी असेल तर सूर्य मावळल्यानंतरची थोडी मिनिटं धरा. आकाश निळं असतं, घरातला बल्ब पिवळा दिसतो आणि फोनला दोन्ही झेपतं. आधी तालीम करून ठेवा, कारण ही वेळ थांबत नाही. खोलीत घ्यायचं असेल तर बल्ब माणसाजवळ आणा. दूरच्या मोठ्या दिव्यापेक्षा जवळचा लहान दिवा चेहऱ्याला जास्त उपयोगी. दिवसा दारातून येणारा उजेड एका गालावर पडतो, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल धरा, काळोखी बाजू जरा उजळते. ती पूर्ण उजळू नका. चेहऱ्याचा आकार त्या सावलीमुळेच दिसतो.

नवशिकी

माझा शेवटचा प्रसंग रात्रीचाच आहे. टोळी निघते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरलेला, नात मागे पळते. आमच्याकडे एक बल्ब आणि एक टॉर्च. काय करू?

स्पष्टवक्ता

तो प्रसंग पहाटेचा करा. तुमच्याकडे टोळ्या पहाटे निघत असतील तर ते खरंही वाटेल. उजाडताना ट्रॅक्टरचे दिवे चालू असतात, म्हणजे दिवा फुकटात मिळाला. एक्सपोजर आकाशावर लॉक करा. माणसं थोडी काळी दिसली तरी चालतील. आणि पळताना फोन हातात धरून मागे धावू नका. ट्रॉलीत बसा, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा आणि मुलीला तुमच्या दिशेने पळू द्या. ट्रॉली अगदी हळू चालवायची आणि मुलीच्या बाजूने मोठं माणूस चालत ठेवायचं, हे आधी ठरवा.

पाणंद

+१. यापेक्षा चांगला शॉट मला सुचला नसता. मंगळसूत्राचा आणि हा, दोन्ही प्रतिसाद जपून ठेवतोय.

गोदाघाट

नाशिकहून थोडं अवांतर, पण विषयाला धरून. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कुंडीतलं रोप, समोर हलवायचा नाही असा कॅमेरा, आणि रोज थोडं थोडं चित्रण. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं आणि ते बघूनच पैसे लावणारा तयार झाला. आज फोनमध्ये टाइमलॅप्स एका बटणावर आहे आणि आपण त्यात फक्त ढग पळवतो. नवशिकी, आजीच्या दारातली एखादी वेल, टोळी गेल्यापासून ती परत येईपर्यंत, एकाच जागेवरून, एकाच वेळी, अधूनमधून टिपत राहा. जमिनीवर खुणेचा दगड ठेवा म्हणजे ट्रायपॉड पुन्हा तिथेच लागेल. एक्सपोजर मात्र लॉक ठेवा, नाहीतर सगळे शॉट वेगळ्या दिवसाचे असल्याचं नको तितकं कळतं.

दूरदेशी

गोदाघाट, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या मुलांना नक्की सांगतो.

एक प्रश्न. लघुपटाला जुन्या हिंदी-मराठी गाण्याचं पार्श्वसंगीत लावलं तर चालतं का? 'श्रेय दिलं की चालतं' असं बरेच जण म्हणतात.

तिसरी_घंटा

नाही चालत. श्रेय देणं म्हणजे परवानगी नव्हे. यूट्यूबवर दावा येऊ शकतो, आवाज बंद होऊ शकतो, आणि महोत्सवात हक्कांबद्दल लेखी विचारलं तर उत्तर नसतं. गावात पेटी किंवा बासरी वाजवणारं कुणीतरी असतंच, त्यांना बोलवा. आजीला ओवी येत असेल तर तिच्याच तोंडून घ्या. ज्यांना शिकून करायचं आहे त्यांनी पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेच्या लघु अभ्यासक्रमांवर लक्ष ठेवा, स्मार्टफोनवर सिनेमा करण्याचेही वर्ग त्यांनी घेतले आहेत.

नवशिकी

फडावरचं सोडून बाकीचं बरंचसं शूट झालं. आजीनं तांदूळ निवडत निवडत जे सांगितलं ते माझ्या कागदावर नव्हतं, तिसरी_घंटा दादा, तुमचं म्हणणं खरं ठरलं. आता एडिटला बसले आहे. टाळी जुळवली, पण सहा-सात मिनिटांच्या एका लांब शॉटमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात आणि शेवटी आवाज मागे पडतो. दुसऱ्या फोनचा दोष आहे का?

ध्वनिवेध

दुसऱ्या फोनचा दोष नसावा. बरेच फोन व्हिडिओ बदलत्या फ्रेम रेटने साठवतात. ३० लिहिलेलं असतं, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की मधेच २९, मधेच २७ होतात. एडिटिंग सॉफ्टवेअर तो एकसारखा धरून चालतं आणि लांब शॉटमध्ये आवाज घसरतो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर 'हँडब्रेक' हे व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे. त्यात व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट ३० निवड आणि त्याखाली 'कॉन्स्टंट' कर. गुणवत्ता कमी करू नकोस. मूळ फाईल तशीच ठेवून नवी बनव आणि एडिटला नवी घे. तरीही घसरला तर शॉटचे तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्यात एखादा ठळक आवाज, भांड्याचा किंवा दाराचा, पकडून पुन्हा जुळव.

पाणंद

आणि मूळ फाईली दोन ठिकाणी ठेवा, नवशिकी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान होतो. पेन ड्राइव्हने किंवा गूगल ड्राइव्हवरून पाठवा. शूटला जाण्याआधी फोन रिकामा करा. आयफोनवर ४के ३० चा एक मिनिट साधारण १७० एमबी खातो आणि १०८० चा ६०. तुमच्या फोनवर १०८० पुरेसं आहे.

फडावरचे शॉट मी पुढच्या आठवड्यात घेतो. टोळीतल्या एका जोडप्याशी बोलणं झालंय, त्यांची मुलगीही गावी आजीपाशीच आहे, त्यामुळे गोष्ट ऐकून ते लगेच हो म्हणाले. तुमची फ्रेम आडवी आहे ना, आणि ३० वरच? तसं असेल तर मीही ३० आणि १/५० वरच घेतो.

नवशिकी

हो दादा, आडवी, ३० आणि १/५०. हँडब्रेक लावलं, आवाज शेवटपर्यंत जुळला. त्या ताईंना विचाराल का, मुलीसाठी त्या फोनवर काय बोलतात, ते त्यांची हरकत नसेल तर नुसतं आवाजात घेता येईल का?

ध्वनिवेध

पाणंद, घेतलात तर फड सोडून कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, बसून घ्या. कोपीच्या उसाच्या पाचटाने आवाज घुमत नाही.